पावसाचा अंदाज आणि नदीचा अंदाज
प्रमुख, प्रादेशिक हवामान केंद्र, कुलाबा, मुंबई यांस अनावृत पत्र

महोदय,



पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपल्या कुलाब्याच्या कचेरीतून दररोज जे पत्रक प्रसृत होते, ते महाराष्ट्रातील ज्या असंख्य घरांत लक्षपूर्वक वाचले जाते, त्यांपैकी कृष्णाकाठच्या एका घरातून हे पत्र मी लिहीत आहे. कोकणात बहुतांश ठिकाणी पाऊस, घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी अतिमुसळधार, सोबत ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचा सोसाट्याचा वारा, अमुक जिल्ह्याला नारंगी आणि तमुक जिल्ह्याला लाल इशारा, ही त्या पत्रकाची वाक्ये आता शाळकरी मुलांनाही पाठ झाली आहेत. आणि तरीही ते वाचून हातावेगळे केल्यावर नदीकाठच्या माणसाच्या मनात जो एक प्रश्न उरतो, की आमच्या दारी पाणी येणार का, येणार असेल तर केव्हा आणि कोणत्या पायरीपर्यंत, त्याचे उत्तर त्या पत्रकात सापडत नाही. पाऊस किती पडेल हे आपण सांगता. त्या पावसाची नदी होऊन ती कोणाच्या उंबऱ्याशी येईल हे सांगणारे एक पत्रक, त्याच वेळी, त्याच अधिकाराने आणि त्याच कागदावर निघावे, एवढीच प्रार्थना मी पुढील मजकुरात सविस्तर मांडणार आहे.

आपल्या विभागाविषयी माझ्या मनात आदर आहे आणि तो कोरड्या शिष्टाचाराचा नाही. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, म्हणजे या देशात आगगाडी धावण्याच्याही पुष्कळ आधीची. १८६४ सालच्या वादळाने कलकत्त्याची दाणादाण उडविल्यावर दुसऱ्याच वर्षी तेथील बंदरात धोक्याच्या सूचनांची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ साली अखिल हिंदुस्थानासाठी हवामान विभाग अस्तित्वात आला. १९२८ साली त्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले, तेव्हापासून शिवाजीनगरच्या त्या भव्य इमारतीला पुणेकर जे ‘सिमला ऑफिस’ म्हणू लागले ते आजतागायत म्हणत आहेत. इतक्या दीर्घ परंपरेच्या संस्थेने गेल्या काही वर्षांत जी प्रगती केली आहे, तीही डोळ्यांआड करण्याजोगी नाही. पूर्वी ज्या जिल्ह्यांना सरसकट एकच अंदाज मिळे, त्या सातारा, पुणे, कोल्हापूर अशा जिल्ह्यांच्या घाट परिसराचा अंदाज आता स्वतंत्रपणे दिला जातो, आणि ज्याने पाटणचा पाऊस आणि माणचे ऊन एकाच दिवशी पाहिले आहे त्याला या सुधारणेचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

परंतु ही सुधारणा जेथे थांबते, तेथूनच नदीकाठच्या माणसाची अडचण सुरू होते. कोल्हापूर जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. पश्चिमेला गगनबावड्यास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांच्या वर पाऊस होतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळ तालुक्यात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. अवर्षणप्रवण मुलखाशी नाते सांगणारा हा पाऊस. आणि असे असूनही जिल्ह्यात महापुराने सर्वाधिक काळ वेढलेली गावे कोणती असे विचारले, तर बोट शिरोळकडेच दाखवावे लागते, कारण कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी घेऊन आलेली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, कृष्णा आधीच तुडुंब असली म्हणजे ती पंचगंगेला आत घेत नाही, आणि मग तो फुगवटा मागे सरकत सरकत दहा-दहा मैलांच्या शिवारात पसरतो. अशा दिवशी शिरोळच्या आकाशात ढग असतील, पण पाऊस असेलच असे नाही. कित्येकदा तर लख्ख ऊन असते, आणि त्या उन्हात माणसे घराच्या कौलांवर बसून बोटीची वाट पाहत असतात. ज्या गावाला त्या दिवशीचा आपला अंदाज ‘हलका ते मध्यम पाऊस’ असा असतो आणि तो अंदाज शब्दशः खराही ठरतो, ते गाव त्याच दिवशी बुडते. अंदाज चुकल्याची तक्रार येथे नाही. अंदाज बरोबर येऊनही गावाला त्याचा उपयोग झाला नाही, ही तक्रार त्याहून गंभीर आहे.

याचे कारण असे की, आपले पत्रक जिल्ह्याच्या हद्दी पाहून लिहिले जाते आणि पाणी मात्र पाणलोटाच्या हद्दी पाहून वाहते. महसुली दप्तरासाठी आखलेल्या सीमा नदीने कधीच मान्य केल्या नाहीत, आणि हे जितक्या स्पष्टपणे महाबळेश्वरच्या पठारावर दिसते तितके अन्यत्र क्वचित दिसेल. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम जेथे एकत्र मानला जातो ते हे क्षेत्र सातारा जिल्ह्यात मोडते, म्हणून तेथील पाऊस सातारा जिल्ह्याच्या खाती जमा होतो. पण त्या पावसापैकी सावित्रीच्या वाट्याचा भाग कडा उतरून पोलादपूरमार्गे रायगड जिल्ह्यातील महाडवर जातो, आणि कृष्णा, कोयना व वेण्णा यांच्या वाट्याचा भाग पूर्वेकडे वळून सांगलीवर येतो. २३ जुलै २०२१ रोजी सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या पाण्यापैकी जे पश्चिमेला उतरले त्याने महाड शहर बुडवले, आणि त्याच पावसात त्याच तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. जे पूर्वेला वाहिले ते २५ जुलैला सांगलीत इर्विन पुलावर ५४ फुटांच्या वर जाऊन पोहोचले. एका पर्जन्यमापकाच्या भांड्यात पडलेल्या पाण्याचे परिणाम दोन वेगळ्या जिल्ह्यांत, एकमेकांपासून दोन-तीन दिवसांच्या अंतराने, अगदी भिन्न रीतीने घडले, आणि या दोघांना जोडणारा दुवा ओळखण्याचे काम महाडच्या दुकानदारावर आणि सांगलीच्या गृहिणीवर सोपविलेले होते.

सांगलीचे उदाहरण मी आधी घेतो, कारण ते तुलनेने सोपे आहे आणि म्हणूनच तेथील हानी अधिक खेदजनक वाटते. धोमच्या खाली वाई, माहुलीला वेण्णेचा संगम, कराडला प्रीतिसंगमावर कोयना, आणि मग सांगली. हरिपूरला वारणा येऊन मिळते ती सांगलीच्या जरा खाली, पण तीही फुगलेली असली म्हणजे सांगलीचे पाणी तुंबवते. कोयनेतून सोडलेले पाणी इर्विन पुलापर्यंत येण्यास दिवसभराचा किंवा त्याहूनही अधिक अवधी लागतो. याचा अर्थ असा की सांगलीचा महापूर हा भविष्यकथनाचा विषय नाही, तो हिशेबाचा विषय आहे. पाऊस पडून गेलेला असतो, मोजला गेलेला असतो, धरणाचे दरवाजे किती फूट उचलले आणि किती क्युसेक विसर्ग सुरू आहे हेही नोंदलेले असते, मधल्या पुलांवर पाणी कितीवर आहे हेही कोणीतरी पाहत असते. उरते ती फक्त बेरीज, आणि ती करण्यासाठी निसर्गाने दिलेली एका-दोन दिवसांची सवलत आम्ही दरवेळी अफवा ऐकण्यात घालवतो. कोयना धरणाला तडा गेला, अलमट्टीने दरवाजे बंद केले, रात्री दोन वाजता दहा फूट पाणी वाढणार, असल्या बातम्या हातोहात पसरतात, आणि त्या पसरतात याचा दोष सर्वस्वी लोकांच्या भोळेपणाला देणे मला न्याय्य वाटत नाही. अधिकृत आवाज जेथे मौन धरतो, तेथे अनधिकृत आवाजाला जागा मिळतेच.

हे मौन कोणाच्या आळसाचे आहे असे मी म्हणत नाही. ते कामाच्या वाटणीतून निर्माण झाले आहे. पाऊस आपल्या विभागाचा, नदीच्या पातळीचा अंदाज केंद्रीय जल आयोगाचा, धरणाचे दरवाजे राज्याच्या जलसंपदा विभागाचे, माणसे हलविण्याचा हुकूम जिल्हाधिकाऱ्यांचा, आणि कृष्णेच्या बाबतीत खालचे मोठे धरण, अलमट्टी, परराज्याचे. या प्रत्येकाची कचेरी निराळी, पत्रकाची वेळ निराळी, मोजमापाची परिभाषाही निराळी. एक मिलिमीटरांत बोलतो, दुसरा मीटरांत, तिसरा टीएमसी आणि क्युसेकमध्ये. या पाच कागदांचे तुकडे जुळवून त्यातून आपल्या अंगणातील पाण्याची उंची काढण्याची अपेक्षा ज्या शेतकऱ्याकडून केली जाते, त्याच्या बुद्धीवरील विश्वास म्हणून मी तिचा गौरव केला असता, जर त्या हिशेबावर त्याच्या म्हातारीचा आणि गोठ्यातील जनावरांचा जीव अवलंबून नसता.

वास्तविक लोकांनी आपली परिभाषा केव्हाच सिद्ध करून ठेवली आहे. सांगलीत पावसाळ्यात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न ‘इर्विनला किती?’ असा असतो, आणि कोल्हापुरात ‘राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?’ असा. इर्विन पुलावर ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, राजाराम बंधाऱ्यावर तीच अनुक्रमे ३९ आणि ४३ फूट, हे आकडे येथे पोराबाळांना ठाऊक आहेत. कोणत्या फुटाला कोणती गल्ली पाण्यात जाते, याचे एक अलिखित कोष्टक प्रत्येक पेठेत वृद्धांच्या स्मरणात असते; कोल्हापूरच्या सुतारवाड्यातील कुटुंबे त्या कोष्टकाप्रमाणेच दरवर्षी आपले सामान बांधतात. कोणताही पंडित रचू शकणार नाही इतकी सुबोध अशी ही मोजणी आहे, आणि हवामानाच्या पत्रकाला तिच्याशी सोयरीक जुळवता आली नाही ही मला त्या पत्रकाची सर्वांत मोठी उणीव वाटते. ‘कोयना पाणलोटात पुढील चोवीस तासांत अतिमुसळधार पावसाची शक्यता’ या वाक्याच्या पुढे ‘त्यामुळे इर्विन पुलाची पातळी परवा सकाळपर्यंत ४५ ते ४८ फुटांच्या दरम्यान जाण्याचा संभव’ एवढे एक वाक्य जोडले गेले, तर सांगलीच्या गावभागातील प्रत्येक माणूस त्या वाक्याचा उरलेला अर्थ स्वतः लावील, आणि तो अर्थ कोणत्याही आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तिकेपेक्षा अचूक असेल.

मात्र या लोकस्मृतीलाही एक मर्यादा आहे, आणि तिची किंमत आम्ही २०१९ साली मोजली. त्यापूर्वीचा मोठा पूर २००५ सालचा, त्या वेळी इर्विनला पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते, आणि घरोघरी भिंतींवर त्या पाण्याच्या खुणा होत्या. पाच साली या पायरीपर्यंत आले होते, याच्यावर येत नाही, अशा विश्वासाने शेकडो कुटुंबे ऑगस्ट २०१९ मध्ये घरातच राहिली. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापुरात त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची मर्यादा ओलांडली गेली, पुणे–बेंगळुरू महामार्ग दिवसचे दिवस बंद राहिला, आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसे हलविताना बोट उलटून जो अनर्थ झाला त्याची आठवण त्या भागात आजही कोणी मोठ्याने काढीत नाही. दोनच वर्षांनी, २०२१ साली, कोल्हापूरने ५६ फूटही पाहिले. मागच्या पुराची खूण ही पुढच्या पुराची सीमा नव्हे, हे माणसाला कोणी तरी सांगावे लागते, आणि ते सांगण्याचा अधिकार ज्याच्याजवळ वरच्या पाणलोटातील पावसाचे ज्ञान आहे त्याचाच आहे. शेजाऱ्याने सांगितले तर तो भित्रा ठरतो. तलाठ्याने सांगितले तर त्याला ‘कशावरून?’ असे विचारले जाते.

आणि हे सांगणे वेळेवर व्हावे लागते. वेळेवर याचा नदीकाठी जो अर्थ होतो तो शहरातील कचेरीत बसून सहजासहजी ध्यानात येत नाही, म्हणून थोडा विस्तार करतो. पुराच्या गावातून माणूस निघत नाही तो बहुधा जनावरांसाठी. चार म्हशी आणि एक गाभण गाय असलेल्या कुटुंबाला बोटीचा काही उपयोग नसतो; जनावरे पायी न्यावी लागतात, त्यासाठी ओढ्यावरचा सखल पूल कोरडा असावा लागतो, आणि तो पूल, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली जाऊ लागले की, त्यांच्या मागोमागच जातो. त्यातच अंधार पडला तर बिथरलेली जनावरे पाण्याकडे पाऊल टाकीत नाहीत. म्हणजे गावाला सुटण्यासाठी उपलब्ध असलेला खरा अवधी हा नदी धोका पातळीला पोहोचेपर्यंतचा नसून, सखल पूल बुडेपर्यंतचा आणि तोही दिवसाउजेडीचा असतो. वैरण कोठे न्यावी, ऊस पोंग्यापर्यंत बुडाला आणि पोंग्यात गाळ शिरला की तो गेलाच, तेव्हा जो तोडणीला आला आहे त्याचे काय करावे, विहिरीवरची मोटार काढावी की राहू द्यावी, हे सारे निर्णय त्या काही तासांत उरकावे लागतात. रात्री अकरा वाजता आलेला लाल इशारा शास्त्रदृष्ट्या कितीही निर्दोष असला, तरी त्या गावाच्या दृष्टीने तो दुसऱ्या दिवशीचाच असतो.

कोकणची कथा याहून कठीण आहे. सांगलीला जो दोन दिवसांचा अवकाश मिळतो तो महाडला आणि चिपळूणला नाही. १,३०० मीटरांहून अधिक उंचीवरून सावित्री थोड्याच अंतरात सपाटीला येते, गांधारी तिला महाडपाशी मिळते, आणि खाली बाणकोटच्या खाडीत भरती असली म्हणजे या दोघींच्या पाण्याला समुद्राकडे जाण्याची वाट उरत नाही. मग ते पाणी बाजारपेठेत शिरते. २२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळूणला वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी असेच शहरात आले, आणि दुकानदारांना माल माळ्यावर चढविण्याइतकीही उसंत मिळाली नाही. कोयनेच्या वीजगृहांतून बाहेर पडणारे पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडील पाण्याचा एक वाटा मानवी योजनेने पश्चिमेला वळविलेला आहे. त्या दिवशीच्या विसर्गावरून पुढे जो वाद झाला त्याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे, परंतु विसर्गाची वेळ आणि भरतीची वेळ एकाच कागदावर शेजारी शेजारी छापलेली असती, तर त्या वादातील निम्मा संशय उद्भवलाच नसता असे मला मनापासून वाटते.

येथे चोवीस तासांचे मोजमाप निरुपयोगी ठरते. महाबळेश्वरच्या पावसाचा तो ५९४ मिलिमीटरांचा आकडा संकेताप्रमाणे २३ जुलैच्या सकाळी साडेआठला पूर्ण झाला आणि सर्वत्र छापला गेला, तेव्हा महाडमध्ये लोक पाणी ओसरण्याची वाट पाहत होते. इतिहासासाठी तो आकडा अमूल्य आहे, पण सावित्रीकाठच्या माणसाला त्याच आकड्याचे तासातासाचे तुकडे हवे होते: रात्री दहा ते अकरा किती, अकरा ते बारा किती, आणि पहाटेची भरती किती वाजता. महाबळेश्वर, प्रतापगड, पोलादपूर या पट्ट्यातील स्वयंचलित पर्जन्यमापकांच्या तासागणिक नोंदी महाड नगरपालिकेच्या भोंग्यापर्यंत थेट पोहोचाव्यात, आणि अमुक तासांत अमुक पाऊस झाला की कोणाच्याही सहीची वाट न पाहता तो भोंगा वाजावा, अशी तजवीज करणे आजच्या यंत्रयुगात अशक्य नाही. आकस्मिक पुरासाठी दक्षिण आशियातील देशांना उपयोगी पडणारी मार्गदर्शक यंत्रणा २०२० साली आपल्याच विभागाने कार्यान्वित केली; लहान लहान पाणलोटांना काही तास आधी धोक्याची सूचना द्यावी हाच तिचा हेतू. त्या यंत्रणेचा शब्द महाडच्या बाजारात मराठीतून आणि वेळेत ऐकू येऊ लागला, तर तिचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

हे सर्व आपणास अपरिचित किंवा असाध्य आहे असे नाही, याचा पुरावा आपल्याच दप्तरात आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्यापूर्वीच्या पत्रकांत ते कोठे आणि कोणत्या सुमारास जमिनीवर येईल, वारा ताशी किती किलोमीटर असेल, कच्ची घरे, पत्र्याची छपरे, विजेचे खांब आणि झाडे यांचे काय होईल, मच्छीमारांनी काय करावे, आणि रायगड, मुंबई, ठाणे यांच्या सखल किनाऱ्यावर समुद्राचे पाणी नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर अधिक चढेल, हे सारे लिहिलेले होते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा त्या वाऱ्याने आडव्या केल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ती वाडी पुन्हा उभी करताना माणसाचे आयुष्य सरते हे खरे. तथापि हजारो माणसे वेळीच हलविली गेली आणि जीवितहानी फारच थोडी झाली. चक्रीवादळासाठी आपण किमान ४८ तास आधी सावधगिरीची आणि २४ तास आधी धोक्याची सूचना देता, आणि जमिनीवर आल्यानंतर त्याचे पुढे काय होईल याचाही अंदाज १२ तास आधी देता. किनाऱ्यावरचा अशिक्षित तांडेलसुद्धा बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की होडी ओढून घेतो, कारण त्या बावट्याचा अर्थ त्याच्या कृतीशी बांधलेला आहे. समुद्राच्या पाण्याची उंची जो विभाग मीटरांत सांगतो, त्याने नदीच्या पाण्याच्या उंचीविषयी अन्य कचेरीकडे बोट दाखवून थांबावे, ही विषमता नदीकाठच्या लोकांना का समजत नाही, असे कोणी विचारू नये.

यावर जे आक्षेप घेतले जातील त्यांतील एक मला पूर्णपणे मान्य आहे. घाटातील पावसाचा नेमका अंदाज करणे अत्यंत दुष्कर आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, आपल्या कुलाब्याला, अवघा ७३. हे ज्याने एकदा वाचले आहे तो हवामानशास्त्रज्ञाला तुच्छतेने बोलणार नाही. पण अनिश्चितता आहे म्हणून मौन धरावे हे त्यातून निष्पन्न होत नाही. ४५ ते ४८ फूट असा पल्ला सांगावा, त्यात संभाव्यता सांगावी, दर तीन तासांनी तो पल्ला अरुंद करीत न्यावा. नदीकाठचा शेतकरी आयुष्यभर अनिश्चिततेशीच व्यवहार करतो, त्याला ‘बहुधा’ या शब्दाचे भय वाटत नाही. लोक घाबरतील हा दुसरा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. माणसे घाबरतात ती पाणी अंगणात आल्यावर. आदल्या दिवशी दुपारी समजले तर ती सामान आवरतात.

अधिकारक्षेत्राचा आक्षेप उरतो. पण मुंबई शहरासाठी जून २०२० पासून केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने आणि महानगरपालिकेने मिळून जी एकात्मिक पूर-सूचना यंत्रणा उभारली, तिच्यात पाऊस, भरती, नद्यानाल्यांचे पाणी आणि भूभागाचा चढउतार एकत्र करून विभागवार पाणी किती साचेल याचा अंदाज काढण्याची योजना आहे. म्हणजे इच्छा असली तर निरनिराळ्या कचेऱ्यांची दप्तरे एका मेजावर येऊ शकतात. आपल्याच विभागाची पूर-हवामान कार्यालये देशातील मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांसाठी पर्जन्याचे परिमाणवाचक अंदाज तयार करून जल आयोगाला पुरवीत असतात. खोरेनिहाय विचार करण्याची विद्या आपणास अवगत आहे, ती अधिकाऱ्यांच्या आपापसातील पत्रव्यवहारात राहते एवढेच. कृष्णा आणि भीमेच्या खोऱ्यांत जलसंपदा विभागाची स्वयंचलित मापनयंत्रणाही उभी आहे. मुंबईच्या वस्तीला जे मिळाले ते सांगली, कोल्हापूर, शिरोळ, महाड आणि चिपळूण यांना मिळू नये यासाठी कोणतेही शास्त्रीय कारण मला दिसत नाही.

धरणाच्या अधिकाऱ्यांचाही येथे विचार केला पाहिजे, कारण त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका होते. १०५ टीएमसींचे कोयना धरण पावसाळ्याअखेर भरलेले असावे अशी वीज आणि शेती या दोहोंची अपेक्षा असते. ऑगस्टच्या आरंभी पाणी सोडून जागा केली आणि पुढे पाऊस रुसला तर तो अधिकारी गुन्हेगार ठरतो, आणि न सोडता मोठा पाऊस आला तरीही गुन्हेगार ठरतोच. अशा माणसाला चार-पाच दिवस आधी, त्याच्या पाणलोटापुरता, संभाव्यतेसह लिहिलेला आणि आपल्या सहीचा अंदाज मिळाला, तर दरवाजे उघडण्याचा त्याचा निर्णय एकट्याच्या छातीवर राहणार नाही. तो अंदाज जनतेसमोरही असेल, तेव्हा सोडलेले पाणी कशासाठी सोडले हे तिला समजेल.

म्हणून माझी विनंती मर्यादित आहे. सर्व महाराष्ट्रासाठी एकदम नको. येत्या मृग नक्षत्रापूर्वी कृष्णा आणि सावित्री या दोनच खोऱ्यांसाठी, जल आयोग, जलसंपदा विभाग आणि त्या त्या जिल्हाधिकाऱ्यांना बरोबर घेऊन, दररोज दुपारी तीनच्या आत एक संयुक्त पत्रक काढण्यास प्रारंभ करावा. त्यात वरच्या पाणलोटातील झालेला आणि होऊ घातलेला पाऊस, धरणांचा चालू व नियोजित विसर्ग, खाडीतील भरतीच्या वेळा, आणि शेवटी कराड, सांगली, नृसिंहवाडी, पोलादपूर व महाड येथे पाणी किती फूट आणि किती वाजता अपेक्षित आहे, एवढे असावे. भाषा मराठी, मोजमाप लोकांच्या परिचयाचे. आणि त्यासाठी जी एक सामग्री आपल्या यंत्रांजवळ नाही ती आम्ही देऊ. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांच्या खुणा येथील देवळांच्या ओवऱ्यांवर, शाळांच्या भिंतींवर, गिरण्यांच्या दारांवर अजून शाबूत आहेत. आपल्या कचेरीने पत्र दिल्यास गावोगावच्या शिक्षकांकडून, ग्रामसेवकांकडून आणि महाविद्यालयांतील भूगोलाच्या विद्यार्थ्यांकडून त्या खुणांची उंची मोजून, कोणत्या वर्षी त्या गावच्या पुलावर किती फूट असताना ती खूण उमटली याची यादी आपल्याकडे धाडण्याची व्यवस्था करता येईल, आणि भिंतींना नवा रंग लागण्यापूर्वी हे काम उरकावयास हवे. आपला होकार कळताच कृष्णाकाठच्या गावांतून आम्ही आरंभ करू.



आपला,
कृष्णाकाठचा एक रहिवासी